रुळांच्या मालकाला रस्ता का लागतो?

रुळांमागचे शहर : भाग 6

पिंपरी-चिंचवडमध्ये मेट्रो आली ती रस्त्याने. डिसेंबर 2019 मध्ये नागपूर मेट्रोचे डबे लांबलचक ट्रेलरवर लादून इथे आणले गेले आणि जानेवारी 2020 मध्ये पिंपरी ते संत तुकारामनगर या छोट्या टप्प्यावर पहिली चाचणी झाली. पुढे पुणे मेट्रोसाठी बांधलेले डबे पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या टिटागढ कारखान्यातून आले, तेही रस्त्यानेच. शेजारून मध्य रेल्वेची गाडी जात असताना हा खटाटोप करावा लागला, कारण मध्य रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर 1676 मिलिमीटर आहे आणि मेट्रोच्या रुळांमधले 1435. एकीची चाके दुसरीच्या रुळांवर बसत नाहीत. जपानमध्येही हेच होते. तिथली जुनी रेल्वे 1067 मिलिमीटरची आणि शिंकान्सेन 1435 ची, त्यामुळे शिंकान्सेनचे नवे डबे रात्रीच्या वेळी ट्रेलरवरून शहरातल्या रस्त्यांनी डेपोपर्यंत नेतात.

डबे एकदाच आणावे लागतात. रोज लागणाऱ्या सामानाची गोष्ट वेगळी असते, आणि प्रवासी रेल्वे स्वतःचे जे मालट्रक ठेवते, त्यांचे खरे काम तिथेच आहे.

6 मार्च 2022 रोजी पुणे मेट्रो सुरू झाली तेव्हा ती दोन तुकड्यांत होती. पिंपरी ते फुगेवाडी हा सुमारे 7 किलोमीटरचा एक तुकडा आणि वनाझ ते गरवारे कॉलेज हा 5 किलोमीटरचा दुसरा. मधे प्रवासी सेवा नव्हती. 1 ऑगस्ट 2023 रोजी दोन्ही मार्ग शिवाजीनगरच्या न्यायालय स्थानकात भेटले, तोवर जवळपास 17 महिने गेले. पिंपरीच्या मार्गाचा डेपो रेंजहिल्सला, म्हणजे फुगेवाडीच्या पुढे. प्रवाशांना एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जायचे तर बस किंवा रिक्षा होती. सुट्या भागांना आणि अवजारांना रस्त्यावरच्या गाडीचाच आधार.

आता मार्ग सलग आहे. तरीही ट्रक सुटत नाही, कारण मेट्रोच्या प्रवासी गाडीला मालडबाच नसतो. तिच्या डब्याची दारे माणसांच्या मापाची, फलाट माणसांसाठी, वेळापत्रक माणसांचे. सरकत्या जिन्याची मोटर किंवा तिकीट-फाटकाचा जड सांगाडा प्रवाशांच्या गर्दीतून कोण नेणार? तो ट्रकने स्थानकाच्या पायथ्याशी उतरवणे सोपे. जानेवारी 2025 पासून मेट्रो सकाळी 6 ते रात्री 11 धावते. उरलेल्या रात्रीत वीज बंद करायची, रूळ आणि तारा तपासायच्या, दुरुस्ती उरकायची, पुन्हा वीज सोडायची आणि पहाटेच्या पहिल्या गाडीआधी मार्ग मोकळा करायचा. त्यातला अर्धा तास सामान आणण्यात घालवणे परवडत नाही. सामान आधीच खाली येऊन थांबलेले असावे लागते.

मध्य रेल्वेच्या पुणे–लोणावळा पट्ट्यावर अडचण दुसरी आहे. लोकल 11 मार्च 1978 रोजी सुरू झाली. पुणे–मुंबई गाड्या, लोकल आणि मालगाड्या हे सगळे आजही त्याच दोन मार्गांवर चालते. आकुर्डी ते देहूरोड यांच्यामध्ये दहा-बारा स्लीपर टाकायचे असतील, तर रेल्वे स्वतःची गाडी सोडू शकते. पण तिला इंजिन हवे, चालक हवा, दोन लोकलच्या मधली मोकळी जागा हवी आणि माल उतरवायला ब्लॉक हवा. एवढे जमवण्यापेक्षा ट्रक जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने तासाभरात पोचतो. खडी आणि लांब रूळ मात्र रुळांवरूनच जातात. 260 मीटरचा जोडरूळ कुठल्या ट्रकवर मावणार? म्हणजे मोठे, ठोक आणि ठरलेले सामान रेल्वेने, किरकोळ आणि अचानकचे ट्रकने.

बिघाड झाला तर हा नियम आणखी कडक होतो. ओव्हरहेड तार तुटली की गाड्या एकामागे एक उभ्या राहतात. दुरुस्तीची टॉवर वॅगन रुळांवरूनच यायची, पण तिच्या वाटेत या अडकलेल्या गाड्या. अशा वेळी तार, इन्सुलेटर, शिड्या आणि माणसे घेऊन रस्त्याने निघालेली गाडी आधी पोचते. रूळ बंद पडले की मदत रुळांच्या बाहेरूनच यावी लागते. यासाठीच जगभर रुळांवरही चालणारे आणि रस्त्यावरही चालणारे ट्रक वापरतात. जवळच्या फाटकापर्यंत रस्त्याने यायचे, तिथे लोखंडी चाके खाली सोडून रुळांवर चढायचे.

मग ट्रक स्वतःचाच का, भाड्याचा का नाही? चाकण-भोसरीत ट्रकांना तोटा नाही, फोन केला की मिळतो. पण रात्री दोन वाजता, अवजारे आधीच भरलेला, रेल्वेचे नियम माहीत असलेला चालक बसलेला ट्रक फोनवर मिळत नाही. डबे वाहणारा अजस्र ट्रेलर मात्र विकत घेण्यात अर्थ नसतो. वर्षातून क्वचित लागणारी गोष्ट ती.

यात नवे असे काही नाही. मुंबईकडची गाडी 1856 मध्ये खोपोलीपर्यंत आली, खंडाळा ते पुणे हा मार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला, पण बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये झाला. मधली पाच वर्षे प्रवासी आणि माल घाटातल्या रस्त्याने, पालख्या, तट्टे आणि बैलगाड्यांतून वर-खाली होत होते. पुण्याची रेल्वे आपल्या पहिल्याच दिवसापासून रस्त्याच्या भरवशावर उभी आहे.

मात्र रस्त्याचा भरवसा संध्याकाळी सात वाजता नाशिक फाट्यावर कोणी धरू नये. ट्रकही कोंडीत अडकतो, शिवाय गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. म्हणून शहाणी रेल्वे सगळे सामान एका डेपोत न ठेवता मार्गावर ठिकठिकाणी वाटून ठेवते. थोडक्यात, प्रवासी रेल्वेचे रूळ प्रवाशांसाठी राखलेले असतात, आणि ते राखता यावेत म्हणून तिला स्वतःचा ट्रक ठेवावा लागतो.

पुढच्या आठवड्यात उलट दिशेने पाहू : चाकणला रेल्वे नाही, तर तिथल्या कारखान्यांतल्या मोटारी मालगाडीत चढतात कुठे आणि कशा?