निर्धूर चुलीचे जुने धुराडे कसे काढावे?

स्वयंपाकघरातील धूर बाहेर जावा या हेतूने आपल्या खेड्यांतून निर्धूर चुलींचा प्रसार झाला. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल हा त्याचा आरंभीचा एक नमुना होय. पुढे १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने अशा चुली अनेक घरांत पोचविल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेद्वारे गॅस आला आणि कित्येक घरांतील चुली मोडल्या. धुराडी मात्र तशीच उभी राहिली. त्यांच्याभोवतीच्या फटींतून पाणी भिंतीत मुरते, व सांधे निखळलेला नळ कोसळण्याची भीती असते.

धुराडे काढण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी. गॅस असूनही भाकरी किंवा आंघोळीचे पाणी चुलीवरच होत असेल, तर धुराडे काढू नये; ते दुरुस्त करावे. अन्यथा धूर व विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू घरातच कोंडेल आणि चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीस व तिच्या मुलांस तो प्रथम बाधेल. म्हणून हा निर्णय घरातील स्त्रियांना विचारूनच घ्यावा.

चूल विझवून दोन दिवस जाऊ द्यावेत. काम नेहमी वरून खाली करावे : प्रथम टोपी, नंतर छपरावरील नळ व शेवटी चुलीलगतचा भाग. खालचा आधार आधी काढल्यास वरचा भार अंगावर येतो. काजळी पाणी शिंपडून गोळा करावी. अंगास लागू देऊ नये. काजळीमुळे धुराडी झाडणाऱ्यांना कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने १७७५ मध्येच दाखवून दिले आहे.

नळ अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा असल्यास तो फोडू, कापू वा घासू नये. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन असाध्य रोग जडतात. नळ ओला करून अखंड उतरवावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा व त्याच्या विल्हेवाटीविषयी ग्रामपंचायतीकडे विचारणा करावी. त्याचे तुकडे रस्त्याच्या भरावात टाकू नयेत.

छपरातील भोकावर पत्रा बसविताना त्याची वरची कड वरच्या कौलांखाली सरकवावी व खालची कड खालच्या कौलांवर ठेवावी. मातीच्या भिंतीतील भोक भुसा घालून भिजविलेल्या मातीने बुजवावे. अशा भिंतीस सिमेंटचा गिलावा नीट धरत नाही. गॅस हवेपेक्षा जड असून गळल्यास जमिनीलगत साचतो; यास्तव खालच्या बाजूस एक झरोका अवश्य ठेवावा.

ही सर्व कामे मृग नक्षत्रापूर्वी उरकावीत. ग्रामसेवकांनी गावातील अशा धुराड्यांची पाहणी उन्हाळ्यातच करावी, आणि जेथे चूल अद्याप पेटते तेथे धुराडे शाबूत राहील याची दक्षता घ्यावी.