सगळी किंमत घडणावळीची

दागिना घ्यायचा म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न वजनाचा. किती तोळे? मग त्या दिवसाचा भाव, आणि वर घडणावळ. तोच दागिना मोडायला नेला की घट वजा होते, घडणावळीचं तर कुणी नावही काढत नाही. कारागिराचा हात हिशेबातून पुसला जातो. लंडनमध्ये एका माणसाने हा हिशेब पार उलटा केला. त्याच्या हारांत गंजके खिळे, सेफ्टी पिना, जुन्या किल्ल्या आणि बटणं असत. मोडीत कवडी मिळाली नसती, सगळी किंमत घडणावळीची. ज्यूडी ब्लेम त्याचं नाव. ब्रिटिश पॉप संगीत 1980च्या दशकात जसं दिसलं, त्याचं मोठं श्रेय मी या माणसाला देते.

नाव बाईचं असलं तरी हा पुरुष. मूळचा क्रिस बार्न्स, 1960चा जन्म, गाव सरे परगण्यातलं लेदरहेड. पंक संगीताची लाट आली तेव्हा हा किशोरवयात होता. घर सोडून लंडन, तिथून मँचेस्टर आणि पुन्हा लंडन. पंकच्या पोरांनी सेफ्टी पिन अंगावर मिरवायला सुरुवात केलेलीच होती. त्यात 1982च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. लंडनमधली कितीतरी कलावंत मुलं पडीक घरांत घुसून राहत होती. पण रात्री क्लबच्या दारात उभं राहायचं तर पेहराव असा हवा, की दारावरच्या माणसाने आत घेतलंच पाहिजे. खिशात दमडी नाही आणि नटायचं तर आहे, या ओढाताणीतून ब्लेमचे दागिने जन्मले.

माल आणायचा तो टेम्स नदीतून. टेम्सला लंडनमध्येही भरती-ओहोटी आहे. पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि शेकडो वर्षांचा शहराचा कचरा वर येतो: हाताने ठोकलेले खिळे, जनावरांची हाडं, पांढऱ्या मातीच्या चिलमींचे तुकडे. या चिलमी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनकर ओढायचे आणि थोड्याफार वापरानंतर फेकून द्यायचे, म्हणून त्यांच्या नळ्या तिथे पैशाला पासरी सापडतात. नळीला मुळातच आरपार भोक असतं, त्यामुळे ती मण्यासारखी ओवता येते. खिळ्याला तार गुंडाळून कडी करायची, हाडाला भोक पाडायचं, मध्ये एखादी किल्ली सोडायची. अवजार म्हणाल तर एक पकड पुरे. नजर मात्र सोनाराची लागते. कोणता खिळा कोणत्या बटणाशेजारी बसेल, वजन गळ्याच्या कोणत्या बाजूला झुकेल, हे ठरवण्यातच त्याची सगळी करामत होती.

बटणांचं वेड लंडनला जुनंच. एकोणिसाव्या शतकात हेन्री क्रॉफ्ट नावाच्या, अनाथालयात वाढलेल्या झाडूवाल्याने आपला अख्खा सूट शिंपल्याच्या बटणांनी मढवला होता. हातगाडीवर फळं-भाजी विकणाऱ्यांच्या ऐटीवरून त्याला हे सुचलं, आणि पुढे त्यातूनच ‘पर्ली किंग’ची परंपरा सुरू झाली. ब्लेमच्या बटणांनी भरगच्च बेरे टोप्या पाहताना मला या गरिबांच्या राजेशाहीची आठवण येते.

1980च्या दशकाच्या मध्याला लंडनच्या डॉल्स्टन भागात जॉन मूर या चपला-बूट घडवणाऱ्या कारागिराभोवती ‘हाउस ऑफ ब्यूटी अँड कल्चर’ नावाचं दुकान उभं राहिलं. क्रिस्टोफर नेमेथ तिथे टपालाच्या गोणपाटाचे कोट शिवायचा, ब्लेम दागिने करायचा. पण अशा दुकानावर पोट किती भरणार? त्याची विद्या खऱ्या अर्थाने घरोघरी नेली ती पॉप गाण्याने.

‘द फेस’ आणि ‘आय-डी’ ही दोन मासिकं 1980 साली निघाली. त्यांच्या पानांवर रे पेट्री आणि त्याच्या ‘बफेलो’ मंडळींनी पेहराव जुळवण्याचं काम स्वतंत्र कलेच्या दर्जाला नेलं. वैमानिकाचं जाकीट, धावपटूची चड्डी, वर एखादी भारी टोपी, आणि ते घालणारा चेहरा रस्त्यावरून उचललेला. ब्लेम याच गोतावळ्यातला. गायिका नेने चेरीचं ‘बफेलो स्टान्स’ हे गाणं 1988च्या अखेरीस आलं, त्याच्या नावातच ही मंडळी आहेत. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात नेने ते गायली तेव्हा तिला दिवस गेलेले स्पष्ट दिसत होते. अंगाला घट्ट बसलेला काळा आखूड स्कर्ट, सोनेरी जाकीट, गळ्यात भलंमोठं पदक. पोट झाकायला एकही ओढणी नाही. त्या काळात नेनेच्या पेहरावामागे ब्लेमचा हात होता. मला ते चित्रण आजही थरारून टाकतं, कारण तिथे कपडे गाण्याला सजवत नाहीत, गाण्याइतकंच ठामपणे बोलतात. इतकं धीट काही आजच्या मंचांवर क्वचितच दिसतं.

बॉय जॉर्ज, कायली मिनोग, ब्यर्क अशा इतर कितीकांसाठीही त्याने काम केलं. ब्लेम स्वतः क्लबमध्ये वाढलेला, गाण्यांवर जीव टाकणारा. म्हणून गायकाचा स्वभाव तो आधी ऐकायचा आणि मग कपड्यांना हात घालायचा, असं मला ही कामं पाहताना वाटतं.

रे पेट्री 1989 साली गेला, जॉन मूरही त्याच सुमारास गेला. ब्लेम टिकला. फॅशन डिझायनर किम जोन्सने लुई व्हिताँसाठी 2015च्या हिवाळ्याचे पुरुषांचे कपडे नेमेथच्या स्मृतीला वाहिले, तेव्हा दागिन्यांसाठी ब्लेमलाच बोलावलं. पडीक घरांच्या काळातली नजर अशी पॅरिसच्या सगळ्यात महागड्या दालनांत पोचली. लंडनच्या ‘आयसीए’ या कलासंस्थेने 2016मध्ये ‘नेव्हर अगेन’ नावाने त्याचं प्रदर्शन भरवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, 2018च्या फेब्रुवारीत तो गेला. व्हिताँच्या शिक्क्याचे तुकडे सुबक आहेतच, पण निवडायला सांगितलं तर मी टेम्सच्या खिळ्यांचा हार उचलेन.