प्रगत पदविका आणि अव्वल विद्यार्थी

माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस जेथे दोन प्रकारच्या पदविका दिल्या जातात, तेथे वरची मिळविणारा तो हुशार व दुसरी मिळविणारा तो बेताचा, अशी समजूत सहज रूढ होते. ही समजूत कितपत खरी, हे पाहण्यासाठी आम्ही अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण घेतो.

तेथील विद्यार्थ्याने एखाद्या विषयाचा १४० तासांचा अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा केला की त्याच्या नावे एक श्रेयांक जमा होतो. सामान्य पदविकेसाठी असे २२ श्रेयांक लागतात, प्रगत पदविकेसाठी २६. गणित, विज्ञान आणि इतिहास यांचे सामान्य पदविकेला तीन तीन श्रेयांक पुरतात, प्रगत पदविकेला चार चार लागतात. शिवाय एका परभाषेचा तीन वर्षांचा किंवा दोन परभाषांचा दोन-दोन वर्षांचा अभ्यास करावा लागतो. मात्र २०१८ साली नववीत आलेल्या विद्यार्थ्यांपासून, बाह्य कसोटीने प्रमाणित झालेले श्रेयांक दोन्ही पदविकांना सारखेच, म्हणजे पाचच ठेवले आहेत.

म्हणजे दोहोंतील भेद मुख्यतः किती व कोणते विषय घेतले याचा आहे. ते किती उत्तम आत्मसात केले याचा नव्हे. नववीत बीजगणिताचा पहिला भाग घेऊन पुढच्या पायऱ्या जेमतेम उत्तीर्ण होणारा मुलगा आणि बारावीपर्यंत कलनशास्त्रात पारंगत झालेली मुलगी, या दोघांच्या हाती एकच पदविका येऊ शकते. अलीकडच्या वर्षांत शाळा पूर्ण करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना ही पदविका मिळत आली आहे. निम्मा वर्ग अव्वल कसा म्हणावा?

हे खुद्द राज्यानेही ओळखले आहे. प्रगत पदविका सरासरी ‘बी’ वा त्याहून वरच्या श्रेणीने मिळवून, शिवाय महाविद्यालयात ग्राह्य धरले जाणारे किमान नऊ श्रेयांक संपादन करणाऱ्यास गव्हर्नरची विशेष मुद्रा देण्याची तरतूद झाली. सरासरी ‘ए’ श्रेणी मिळविणाऱ्यासाठी शिक्षणमंडळाची वेगळी मुद्रा ठेवली गेली. आणि ही दुसरी मुद्रा सामान्य पदविकेवरही मिळू शकते! पदविकेच्या नावातच गुणवत्ता सामावली असती, तर या मुद्रांचे प्रयोजन काय होते?

क्रमच हवा असेल तर तो निराळ्या मार्गाने लावावा लागतो. टेक्सास राज्याने १९९७ साली कायदा करून प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश देऊ केला. तेथे मुलाची तुलना त्याच्याच शाळेतील सोबत्यांशी होते. एका शाळेतला पहिला व दुसऱ्या शाळेतला पहिला हे समान ठरतात, असे मात्र नव्हे.

मग प्रगत पदविका निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. अधिक गणित, अधिक विज्ञान व एक परभाषा शिकण्याचा आग्रह ती धरते, आणि पुष्कळांनी ती मिळविली तर ते तिचे यशच होय. मात्र तो उंबरठा आहे, शिखर नव्हे. उंबरठा ओलांडला एवढ्यावरून कोणाला अव्वल म्हणू नये. आणि परभाषेऐवजी हातचे कौशल्य शिकणाऱ्या मुलाला, केवळ पदविकेचे नाव वाचून, मंद ठरवू नये. पहिल्या चुकीने फार तर एखाद्याची वाजवीपेक्षा जास्त स्तुती होते. दुसरीने एखाद्या मुलाची वाट बंद होते.