जुन्या ट्रॅक्टरांचा हातक्लच व पी. टी. ओ.

शेवगांव, कर्जत, जामखेडकडे शाळूची काढणी आटोपली कीं खळ्यांवर मळणीयंत्रें घुमूं लागतात. त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें ट्रॅक्टरच्या पाठीमागील पी. टी. ओ.वर, म्हणजे इंजिनाची शक्ति बाहेर देणाऱ्या शाफ्टवर, चालतात. जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या बंधूंस हा शाफ्ट व क्लच यांचा संबंध नीट ठाऊक असणें आम्हांस अत्यंत अवश्य वाटतें. कारण येथील गैरसमजाची किंमत हातापायांनीं मोजावी लागते.

क्लच हा इंजिन व गिअरपेटी यांना जोडणारा आणि वेळेस तोडणारा दुवा होय. तबकड्या एकमेकींवर दाबल्या म्हणजे शक्ति पुढें जाते. सैल झाल्या म्हणजे इंजिन एकटेंच फिरतें. पायाच्या क्लचांत हा दाब स्प्रिंगचा असतो. पाय उचलतांच क्लच आपोआप लागतो. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा हाच आढळतो. हातक्लचाची तऱ्हा निराळी. १९३४ सालीं निघालेल्या जॉन डीअर 'ए' ट्रॅक्टरांत क्लच पट्ट्याच्या पुलीच्या पोटांतच बसविलेला असे. दांडी पुढें ढकलली कीं तो लागे, मागें ओढली कीं सुटे, आणि जेथें ठेवावी तेथेंच ती राही. चालकास जमिनीवर उभें राहूनही ती हाताळतां येई. पट्ट्यावरील कामास ही मोठीच सोय होती.

परंतु या ट्रॅक्टरांत पी. टी. ओ.स मिळणारी शक्तिही त्याच क्लचांतून जाई. १९४६ सालच्या फर्ग्युसन टी. ई. २० मध्येंही, क्लच पायाचा असला तरी, हीच रचना होती. यंत्रांत माल तुंबला कीं चाकें थांबवून यंत्र चालूं ठेवावयास हवें. येथें क्लच दाबतांच दोन्हीं थांबतात. त्याच १९४६ सालीं कॅनडांतील कॉकशट ३० या ट्रॅक्टरनें पी. टी. ओ.स स्वतंत्र क्लच दिला. पुढें एकाच पायदांडीवर दुहेरी क्लच आला: अर्धी दाबली कीं चाकें थांबतात, पुरती दाबली कीं पी. टी. ओ.ही.

उलट प्रकारही घडतो. जड फिरत्या भागाचें गवतकापणी यंत्र मागें असतां क्लच दाबला, तरी त्याचा वेग शाफ्टमधून गिअरपेटींत शिरून ट्रॅक्टरला पुढें रेटतो. त्यावर एकाच दिशेनें शक्ति नेणारा जोड बसवितात.

पी. टी. ओ.चा ठराविक वेग मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास नऊ. शाफ्ट एक इंच तीन सूत जाडीचा. हिशेब केला तर धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर एका सेकंदांत दोन हातांहून अधिक गुंडाळला जातो. ओरडावयासही सवड नाहीं. असें असूनही शाफ्टवरील कवच अडचण म्हणून काढून टाकणारे लोक आहेतच! क्लच सोडल्यावरही मळणीयंत्राचा ड्रम कांहीं काळ फिरतो. हातक्लचाची दांडी तर कोणाच्या धक्क्यानें पुन्हा पुढें जाऊं शकते. म्हणून यंत्रांत हात घालण्यापूर्वीं इंजिनच बंद करावें.

हातक्लच लागतांना दांडीस स्पष्ट खटका जाणवला पाहिजे. ती मऊ जात असेल तर तबकड्या घसरून जळतात. अशा वेळीं इंजिन बंद करून पुलीवरील झांकण काढावें व आंतील तिन्ही नट थोडथोडे, परंतु सारखेच, आवळावे.