गरी टाकणाऱ्यांचा बोलपट

समुद्राकाठी गरी टाकून मासे धरण्याची हौस पुष्कळांना असते. कोकणात त्याला गरवणे म्हणतात. कोळी पोटासाठी मासे धरतो. ही मंडळी मात्र हौसेखातर जातात. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी मुंबईहून सुट्टीला आलेले. कोळ्याला समुद्राच्या खोडी माहीत असतात. हौशी माणसाला त्या माहीत नसतात, आणि तिथेच घात होतो.

अशा लोकांसाठी एक लहान बोलपट काढायचे ठरले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या कातळावर तो घेतला. आम्ही गावकरी मदतीला होतो. कोणी सामान वाहिले, कोणी जागा दाखवल्या, कोणी कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. वाचकहो, त्यात काय दाखवले ते तुम्हांला सांगतो.

आधी भरती. भरती हळूहळू चढते, म्हणून ती डोळ्यांना कळत नाही. ओहोटीच्या वेळी आम्ही कातळाच्या फटीत एक बांबू रोवला. त्याला हात-हात अंतरावर लाल चिंध्या बांधल्या. कॅमेरा वर टेकडीवर एका जागी ठेवला. सहा तास थोड्या थोड्या वेळाने चित्र घेतले. पडद्यावर हे सहा तास अर्ध्या मिनिटात सरतात. तेव्हा खरी गंमत दिसते. गंमत कसली, भीतीच वाटते! गरवायची जागा उंच आणि समुद्रात पुढे गेलेली असते. तिच्या मागे, जमिनीच्या बाजूला, सखल घळ असते. पाणी आधी त्या घळीत शिरते. पुढे उभ्या माणसाचे पाय अजून कोरडेच असतात, आणि परतीची वाट छातीइतक्या पाण्याखाली गेलेली असते.

भरतीची वेळ काढायला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. आज चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, आले तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पक्ष कोणताही असो. गावागावाप्रमाणे थोडा फरक पडतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते.

आता लाटा. आभाळ स्वच्छ असते, वारा नसतो, तरी मोठी लाट येते. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होते. तिथे उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. आमच्या गावचे म्हातारे तांडेल बोलपटात एवढेच म्हणतात, "आधी पाव तास बस. लाटा बघ. सगळ्यांत मोठी कुठवर येते ते बघ. मगच गरी काढ. आणि दर्याकडे पाठ करू नकोस."

याच तांडेलांमुळे एक प्रसंग बदलावा लागला. माणूस पाण्यात पडतो, हात हलवतो आणि "वाचवा, वाचवा" असे ओरडतो, असे लिहिलेले होते. तांडेल म्हणाले, "बुडणारा ओरडत नाही हो. श्वास घ्यायलाच फुरसत नाही, तर ओरडणार कधी?" खरेच आहे ते. डोके मागे जाते, तोंड पाण्याशी लागते, हात पाणी खाली दाबत राहतात. आवाज येत नाही. शेजारी उभ्या माणसाला वाटते, हा पोहतोय. मग खाडीच्या उथळ पाण्यात, होडी जवळ ठेवून, तसेच चित्र घेतले. आमच्या मते हाच भाग सर्वांत चांगला झाला. शाळेच्या पटांगणात बोलपट दाखवला तेव्हा इथे सगळे गप्प झाले. एक बाई उठून घरी गेल्या. का गेल्या, ते गावात कोणाला विचारावे लागले नाही.

एक पडला की सोबतीचा उडी घेतो, आणि पुष्कळदा दोघेही जातात. म्हणून बोलपटात सोबती उडी घेत नाही. तो पाच लिटरचा रिकामा कॅन फेकतो. कॅनचे झाकण घट्ट लावलेले असते, कानाला लांब दोरी बांधलेली असते. आत पेलाभर पाणी ठेवले की कॅन वाऱ्याने भरकटत नाही, नेमका जातो. बुडणारा तो छातीशी धरून तरंगतो. कॅन फेकून झाला की सोबती फोन लावतो. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, आणि ११२ वरही मदत मागता येते. कॅन घरोघरी पडलेला असतो. दोरी मात्र आधीच बांधून न्यावी लागते.