घडणावळ

सराफाच्या दुकानात सोन्याच्या भावावरून फारसं कुणी भांडत नाही. भाव फळ्यावर लिहिलेला असतो. भांडण होतं ते घडणावळीवरून. माझी आई या बाबतीत मोठी चिवट होती. "सोनं सोन्याच्या भावानं घेतलं, पण तुमच्या हाताचा भाव कुणी ठरवला?" असं ती आमच्या सोनाराला दर खेपेला विचारायची. सोनारही काही कमी नव्हता. तो चिमटा बाजूला ठेवून म्हणायचा, "वहिनी, तोळाभराची एक पाटली घडवायची आणि तोळाभराचे शंभर मणी करायचे, याला एकच घडणावळ कशी लावू? वजन तेवढंच असलं तरी हात शंभर वेळा फिरवावा लागतो." आई गप्प बसायची. पटल्याचं मात्र कबूल करायची नाही.

हा संवाद मी पार विसरून गेलो होतो. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, नाण्यांच्या इतिहासाचा नाद लागला आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमध्ये मला आमचा सोनार पुन्हा भेटला. समोर मात्र माझ्या आईऐवजी साक्षात आयझॅक न्यूटन होता!

न्यूटन म्हटलं की आपल्याला सफरचंद आठवतं. पण हा माणूस आयुष्याची शेवटची तीस वर्षं लंडनच्या टांकसाळीत अधिकारी होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत नसतं. १६९६ साली तो तिथे रुजू झाला आणि १६९९ च्या अखेरीस टांकसाळीचा मुख्य झाला. ही मानाची बिनकामाची जागा आहे असं इतरांना वाटत होतं. न्यूटनला तसं वाटलं नाही. कामगार किती, घोडे किती, दाबयंत्रावर माणसं किती, याचा त्यानं बारीक हिशेब मांडला. दोन गिरण्या, बारा घोडे, दोन दाबयंत्रं आणि ती ओढणारे चौदा मजूर, शिवाय कापणारे, तोलणारे, उजळणारे असा सारा ताफा धरून दिवसाला साधारण तीन हजार पौंडांची चांदीची नाणी पडू शकतात, असं त्याचं गणित होतं.

मग १७०७ साल उजाडलं. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा राजा शंभर वर्षांपासून एकच होता, पण संसदा दोन होत्या आणि नाणीही दोन. स्कॉटलंडचे बारा पौंड द्यावेत तेव्हा इंग्लंडचा एक पौंड यायचा. १ मे १७०७ ला दोन्ही राज्यं एक झाली. करारातलं सोळावं कलम नाण्यांचं होतं. साऱ्या संयुक्त राज्यात नाणं एकाच कसाचं आणि एकाच किमतीचं राहील, इंग्लंडचं आहे तसं. आणि स्कॉटलंडमध्ये टांकसाळ चालू राहील, पण इंग्लंडच्या टांकसाळीच्या नियमांनी. कलम वाचायला सोपं आहे. कलमं नेहमीच वाचायला सोपी असतात.

लोकांनी घरातलं जुनं चांदीचं नाणं आणून द्यायचं होतं. स्कॉटिश नाणी आली, परदेशी आली, हातोडीनं ठोकलेली जुनी वेडीवाकडी आली. बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये जमा झालेल्या या चांदीचा आकडा अ‍ॅडम स्मिथनं आपल्या ग्रंथात दिला आहे : ४ लाख ११ हजार ११७ पौंड, १० शिलिंग आणि ९ पेन्स. वरचे नऊ पेन्ससुद्धा सोडलेले नाहीत, हे पाहून माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला बरं वाटलं. यातली बरीचशी रक्कम एडिंबराच्या टांकसाळीत वितळवून नव्यानं पाडली गेली. नवं नाणं भरलं सुमारे ३ लाख २० हजार पौंडांचं. राणी अ‍ॅनच्या चेहऱ्याखाली एडिंबराचं आद्याक्षर ‘ई’ कोरलेली ही नाणी आजही संग्राहकांकडे दिसतात.

काम लंडनच्या पद्धतीनं व्हायचं, म्हणून लंडनचे कारागीर एडिंबराला पाठवण्यात आले. देखरेखीला न्यूटननं आपला स्नेही डेव्हिड ग्रेगरी याला धाडलं. ग्रेगरी ऑक्सफर्डचा खगोलशास्त्राचा प्राध्यापक, पण जन्मानं स्कॉटिश. तरुणपणी एडिंबराला गणित शिकवलेला. दोन्हीकडची भाषा कळणारा माणूस मधे असावा, एवढं व्यवहारज्ञान गुरुत्वाकर्षणवाल्याला होतं.

आणि इथे घडणावळ आली. नाणी पाडणाऱ्या कारागिरांना पगार नसे. मजुरी मिळायची ती वजनावर, पाडलेल्या चांदीच्या दर पौंडामागे इतके पेन्स. हाताखालच्या मजुरांचा खर्च आणि चांदीची घट त्यांनीच सोसायची. मग एडिंबराच्या कारागिरांना दर काय द्यायचा? नियम लंडनचे, म्हणजे दरही लंडनचाच, हे उत्तर कोणीही कारकून देईल. न्यूटनच्या टांकसाळीच्या कागदांत या मजुरीचा विचार आहे, हे कळल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

एक पौंड वजनाच्या चांदीतून, म्हणजे आपल्या सुमारे ३७३ ग्रॅममधून, बासष्ट शिलिंग पाडायचे असा दंडक होता. पण सगळे शिलिंगच थोडे पाडतात? पाच शिलिंगांचा क्राउन पाडला तर त्या चांदीची जेमतेम बारा नाणी होतात. सहा पेन्सांची पाडली तर एकशेचोवीस! मजुरी वजनावर, म्हणजे बारांनाही तेवढीच आणि एकशेचोवीसांनाही तेवढीच. इथे मला आमचा सोनार आठवला.

शिवाय लंडनला माणसं हात बसलेली होती, यंत्रं चालती होती. न्यूटनच्या लंडनच्या वेगानं एडिंबराचं काम एकशेसात-आठ दिवसांत उरकायला हवं. प्रत्यक्षात ते १७०९ पर्यंत चाललं. वजनावर मजुरी मिळणाऱ्या माणसाच्या घरी शिकाऊ दिवसांत चूल कशी पेटत असेल? आणि जुनं नाणं संपलं की कामही संपणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

दुसरी बाजूही आहे. सुमारे एक लाख तीन हजार पौंड वजनाची चांदी पाडायची. दर पौंडामागे एकच पेनी वाढवली, तर सरकारी तिजोरीतून चारशेतीस पौंड जास्त जातात. न्यूटनचा वर्षाचा पगार पाचशे पौंड होता. म्हणजे एका पेनीचा प्रश्न मुळीच एका पेनीचा नव्हता. पुन्हा एडिंबराला जास्त दिलं तर लंडनचे कारागीर विचारणार, आम्ही काय पाप केलं? आणि कमी दिलं तर स्कॉटिश माणूस म्हणणार, हीच का तुमची एकी?

हे सारं मला इतकं जवळचं का वाटलं, ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आमच्या बँकेत एक लहान बँक विलीन झाली. दोन्हीकडे पिग्मी एजंट होते. रोज दारोदार हिंडून दोन-पाच रुपये गोळा करणारे. आमच्या एजंटांचं कमिशन शंभरामागे ठरलेलं होतं. त्या लहान बँकेचा दर थोडा जास्त होता. दर एक करण्याची टिप्पणी माझ्याकडे आली. मी अर्ध्या तासात ती लिहिली. ‘एक बँक, एक दर’ असं वाक्यही घातलं, आणि ते वरच्या साहेबांना फार आवडलं.

महिन्याभरानं त्यांच्याकडचा एक एजंट मला भेटायला आला. डोंगराकडच्या सात वाड्या त्याच्याकडे होत्या. सायकल घाटाच्या पायथ्याशी ठेवून तो वर चालत जायचा. तो उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, तुमच्या पेठेतला एजंट दोन दुकानांत शंभर रुपये करतो. मला शंभराला पन्नास उंबरे लागतात. तुम्ही दर सारखा केलात, पण चढ कुठे सारखा केलात?"

मी त्याला नियम दाखवला. नियम माझाच होता, हे मात्र सांगितलं नाही. तो "बरं साहेब" म्हणून गेला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात मी दुसरी टिप्पणी लिहिली: दर एकच ठेवावा, पण वाड्या-वस्त्यांसाठी प्रवासभत्ता वेगळा द्यावा. ती मंजूर होऊन यायला सात महिने लागले. तोवर त्यानं पिशवी आणि पुस्तकं शाखेत जमा केली होती. त्याच्यामागून त्या सात वाड्यांमधली बहुतेक खातीही बंद झाली. बँकेचा तोटा फारसा नव्हता, दोन-दोन रुपयांचीच खाती होती ती. पण आयुष्यात प्रथमच बँकेत नाव लागलेल्या कितीतरी बायकांची ती खाती होती, हे मला नंतर यादी पाहताना कळलं.

एकत्र येताना माप एक करावंच लागतं. नाणं एका कसाचं हवं, हिशेबाची वही एक हवी, दरही एक हवा. एवढं केलं की न्याय झाला असं आपण धरून चालतो, तिथे चुकतो. दर कामाचा असतो. वाट, चढ, शिकण्याचे दिवस आणि नाण्याचा लहानपणा यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो मांडायला अर्धा तास पुरत नाही. त्यासाठी एकदा तरी घाट चढून पाहावा लागतो.

एडिंबराच्या टांकसाळीत १७०९ नंतर पुन्हा नाणं पडलं नाही. ‘टांकसाळ चालू राहील’ हे कलम मात्र मोडता येत नव्हतं. म्हणून तिथली अधिकारपदं पुढे शंभरांवर वर्षं, १८१७ पर्यंत कायम राहिली आणि त्यांचे पगारही निघत राहिले. कारागिरांची मजुरी वजनावर होती. चांदी संपली, तशी त्यांची मजुरीही संपली.

आमचा सोनार जाऊन वीस वर्षं झाली. आईही नाही. तिच्या डब्यात त्याच्या हातची ती मण्यांची माळ अजून आहे. परवा मी चष्मा लावून मणी मोजले. एकशे आठ भरले.