एकपात्री विनोदकथन
रंगभूषा, नेपथ्य वा सहकलाकार यांचा आधार न घेता एकाच व्यक्तीने श्रोत्यांसमोर उभे राहून, त्यांच्याशी थेट बोलत हास्यनिर्मिती करण्याचा रंगप्रकार. ‘स्टँड-अप कॉमेडी’ या इंग्रजी नावाने तो अलीकडे परिचित झाला आहे. नाटकातील नट प्रेक्षक समोर नाहीत असे मानून वावरतो; कथनकाराला तसे करता येत नाही. श्रोते हसले नाहीत, तर त्याला आडोसा नसतो.

विनोदाची बांधणी बहुधा दोन टप्प्यांची असते. प्रथम श्रोत्याच्या मनात एक अपेक्षा निर्माण केली जाते व नंतर तिचा अकस्मात भंग होतो. भंग करणारा शब्द वाक्याच्या अखेरीस यावा लागतो. मराठी वाक्य सामान्यतः क्रियापदाने संपत असल्याने कथनकाराला नेहमीचा पदक्रम मोडावा लागतो. बोलभाषेत तो सहज मोडतो, ग्रांथिक भाषेत अवघडतो. विरामाचे महत्त्वही तितकेच आहे. हशा ओसरण्यापूर्वी बोलल्यास पुढचे वाक्य ऐकू जात नाही आणि हशाची वाट पाहत थांबल्यास त्याचा अभाव उघडा पडतो.

भारूड, कीर्तनाचा उत्तररंग, बहुरूप्याची सोंगे व तमाशातील सोंगाड्याची बतावणी ही या प्रकाराची देशी पूर्वपीठिका होय. आधुनिक रंगभूमीवर पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनी बटाट्याची चाळ आणि असा मी असामी यांच्या प्रयोगांतून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी वऱ्हाड निघालंय लंडनला या प्रयोगात पन्नासहून अधिक व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. त्याच्या शीर्षकातील ‘वऱ्हाड’ म्हणजे लग्नाची मंडळी; वऱ्हाड प्रांताशी त्याचा संबंध नाही आणि त्यातील बोली मराठवाड्याची आहे.

वऱ्हाड प्रांताचा वाटा निराळा आहे. आधुनिक मराठी विनोदी लेखनाचे प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी अकोला येथे व पुढे बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, जळगाव (जामोद) या भागात वकिली केली. ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ मध्ये विविधज्ञानविस्तारात आला. सुदाम्याचे पोहे हा संग्रह १९१० मध्ये निघाला. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या त्रयीच्या द्वारे त्यांनी रूढींचा व अंधश्रद्धांचा उपहास केला. खामगावातील कोल्हटकर स्मारक मंदिर हे सभागृह त्यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र कोटी, श्लेष व अतिशयोक्ती यांवर आधारलेला त्यांचा विनोद वाचून आस्वादण्याचा आहे. त्याची भाषा ग्रांथिक असून कोल्हटकरांच्या भोवतालची वऱ्हाडी बोली तीत क्वचितच ऐकू येते.

ती उणीव कविसंमेलनांच्या व्यासपीठाने भरून काढली. शंकर बडे यांनी अस्सा वऱ्हाडी माणूस हा प्रयोग सादर केला, तर मिर्झा रफी अहमद बेग यांनी वऱ्हाडी हास्यकविता गावोगावी नेली. पुढे भारत गणेशपुरे यांच्यामुळे ही बोली दूरचित्रवाणीवर परिचित झाली. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राहिला’ अशी तिची रूपे प्रमाणभाषेच्या श्रोत्याला केवळ उच्चारानेच हसवतात. धोका नेमका येथे आहे. बोलीलाच हसवून घेतले, की तिचा बोलणारा गावंढळ ठरतो. बोलीतून जगाकडे पाहिले, तर हसू सावकार, पुढारी, कचेरी आणि शहरी शिष्टपणा यांच्यावर उलटते. बडे व बेग यांचे यश या दुसऱ्या मार्गाचे आहे.

मुंबई–पुण्यात २०१० नंतर रूढ झालेल्या खुल्या मंचावर (‘ओपन माइक’) कोणीही नाव नोंदवून काही मिनिटे बोलू शकतो. श्रोते बहुधा अनोळखी असल्याने प्रत्येक संदर्भ उलगडून सांगावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी स्थिती उलट असते: गणेशोत्सवात वा स्नेहसंमेलनात बोलणाऱ्याला अर्धा मांडव ओळखत असतो. संदर्भ सांगावे लागत नाहीत. पण ज्याच्यावर विनोद करायचा, तो गृहस्थ पुष्कळदा पहिल्या रांगेत बसलेला असतो. त्यामुळे अशा ठिकाणचा कथनकार प्रथम स्वतःची व स्वतःच्या घरची फजिती सांगतो आणि मगच इतरांकडे वळतो.